आपला नंबर कधी लागणार?

मिरजगाव हे नगर-सोलापूर रस्त्यावरचे गाव. नगर सोडले की पन्नासेक किलोमीटरवर लागते. जिल्ह्याचे आणि शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. पण बोलताना माणसे अजून नगरच म्हणतात. आम्हीही या पाठात तसेच म्हणू.

या रस्त्यावरून दिवसरात्र वाहने जातात. मालट्रक जातात, एसटी जाते, उसाचे ट्रॅक्टर जातात. अलीकडे त्यांत एक नवी गाडी दिसू लागली आहे. ती धूर सोडीत नाही. तिचा आवाज येत नाही. तिला पेट्रोल लागत नाही. रात्री घरच्या विजेवर लावून ठेवली की सकाळी कामाला तयार. लोक तिला 'चार्जिंगची गाडी' म्हणतात.

एका संध्याकाळी आमच्या साक्षरता वर्गात एक ताई हातात कागद घेऊन आल्या. तो कागद म्हणजे चार्जिंगच्या स्कूटरच्या बुकिंगची पावती होती. त्या म्हणाल्या, "गुरुजी, आमचा नंबर कवा लागायचा, तेवढं यात बघा."

आम्ही विचारले, "पैसे कधी भरले?"

"तीन महिने झाले. दुकानदार म्हणला होता, महिन्या-दीड महिन्यात गाडी दारात. आमच्या मागून ज्यानं पैसं भरलं, त्याच्या दारात गाडी उभी हाये. मग आमचा नंबर गेला कुठं?"

ताईंच्या घरी चार गाई आहेत. त्यांचे मालक सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालतात. घरी जुनी मोटारसायकल होती. नवी गाडी येणारच आहे, असे धरून त्यांनी ती विकून टाकली. आता शेजाऱ्याची गाडी मागून दूध न्यावे लागते. शेजारी भला माणूस आहे. पण रोज दोन वेळा दुसऱ्याच्या दारात उभे राहायचे म्हणजे माणसाची मान खाली जाते. आणि गाय काही थांबत नाही. गाडी आली की मग दूध देते, असे ती म्हणत नाही.

ताई म्हणाल्या, "तुम्ही वाचून सांगा." आम्ही म्हटले, "ताई, तुम्हीच वाचा. सहा महिने अक्षरे गिरवली, ती कशासाठी?"

त्यांनी वाचायला सुरुवात केली. बोट ठेवून वाचले. मालकांचे नाव वाचले. तारीख वाचली. रक्कम वाचली: पाच हजार रुपये. गाडीचे नाव वाचले. पुढे रंग होता: निळा. वर कोपऱ्यात एक आकडा छापलेला होता. "हा बघा आमचा नंबर!" असे त्या म्हणाल्या. सगळा वर्ग पुढे झुकला. पण तो पावती-पुस्तकाचा आकडा होता. रांगेतला नंबर तो नव्हे. रांगेतला नंबर त्या कागदावर कुठेच नव्हता.

पावतीच्या तळाला बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या. त्या इंग्रजीत होत्या, म्हणून आम्ही त्यांचा अर्थ सांगितला. पहिली ओळ अशी: कंपनीकडून माल येईल त्याप्रमाणे गाडी दिली जाईल. दुसरी ओळ अशी: गाडी देण्याच्या दिवशी जी किंमत असेल, ती घेणाऱ्याला द्यावी लागेल.

वर्ग गप्प झाला. मग मागून एक आजोबा म्हणाले, "म्हंजी आपण इसार दिला, आणि त्यानं काहीच कबूल केलं नाही."

आजोबांनी बरोबर शब्द वापरला. बुकिंगचे पैसे म्हणजे इसारच. पण बैलबाजारात आपण इसार देतो, तेव्हा बैल समोर उभा असतो. त्याचे दात बघतो, खांदा बघतो, चालवून बघतो. भाव ठरतो, मग इसार हातावर पडतो. इथे मात्र गाडी अजून तयारच झालेली नसते. तिचे लोखंड एका गावात, मोटर दुसऱ्या गावात आणि बॅटरीचा माल समुद्रापलीकडे असतो. अशा न जन्मलेल्या गाडीवर आपण इसार देतो. तेव्हा ती कशी जन्मते आणि कुणाच्या आधी कुणाला मिळते, हे आपल्याला कळायला हवे.

गाडीसाठी वाट बघणे आपल्याकडे नवे नाही. पुण्याजवळ आकुर्डीला बजाज कंपनीचा कारखाना आहे. एके काळी त्या कारखान्याच्या स्कूटरसाठी माणसे वर्षानुवर्षे थांबत. १९६० साली सरकारने स्कूटरच्या विक्रीवर आणि वाटपावर नियंत्रण आणले. कारखान्याने वर्षाला किती गाड्या काढायच्या, तेही सरकारी परवान्यावर ठरे. घेणारे पुष्कळ आणि गाड्या थोड्या. १९७२ साली चेतक स्कूटर निघाली, तेव्हाही तीच तऱ्हा. कुणाला आठ वर्षे, कुणाला दहा वर्षे थांबावे लागले. आमच्या वर्गातले तेच आजोबा सांगतात, "आमच्या हेडमास्तरांनी स्कूटरला नंबर लावला, तवा त्यांचा पोरगा पहिलीत होता. गाडी आली तवा पोरगा म्याट्रिकला बसला होता."

त्या काळातही रांग सरळ नव्हती. सरकारी कोट्यातल्या माणसाला गाडी आधी मिळे. परदेशी चलनात पैसे भरणाऱ्यालाही लवकर मिळे. आणि ज्याचा नंबर लागे, तो कधी कधी नुसता नंबरच वरचे पैसे घेऊन दुसऱ्याला विकी. गाडी न चालवताच नफा!

पुढे परवान्याचे बंधन गेले. आज कारखान्याला हव्या तेवढ्या गाड्या काढायला सरकार अडवीत नाही. मग आता का थांबावे लागते?

आपल्या गावच्या पिठाच्या गिरणीत चला, म्हणजे समजेल. तुम्ही सकाळी आठला बाजरीचा डबा ठेवला. तुमच्या मागून नऊ वाजता एकजण गव्हाचा डबा घेऊन आला. तरी त्याचे पीठ आधी निघते. का बरे? गिरणीवाल्याने गहू लावलेला असतो. मध्येच बाजरी टाकली तर पीठ मिसळते. म्हणून तो सगळ्यांचे गहू दळून घेतो, मग बाजरी लावतो. तुमचा नंबर कुणी चोरला नाही. पण गव्हाची रांग वेगळी आणि बाजरीची वेगळी.

गाडीच्या कारखान्यात असेच चालते. एकाच नावाच्या गाडीचे तीन-चार प्रकार असतात. एकाची बॅटरी लहान, एकाची मोठी. एक साधी, एक सजवलेली. त्यात पुन्हा रंग. कारखाना एक प्रकार ठरवतो आणि आधी त्याच्याच पुष्कळ गाड्या काढतो. मग दुसरा प्रकार लावतो. ज्याने पहिला प्रकार मागितला, त्याचा नंबर मागचा असूनही गाडी आधी येते.

ऊस लावणाऱ्या मंडळींना हे जास्त सांगायला नको. कारखान्यात उसाची नोंद आपण आधी केली, म्हणून तोड आधी येतेच असे नाही. आधी आडसाली, मग पूर्वहंगामी, मग बाकीचा. नोंदीची तारीख बघतात, पण उसाची जातही बघतात आणि लागणीचा हंगामही बघतात. चिठ्ठी हातात असली तरी ऊस उभाच राहतो.

आता खरी उदाहरणे पाहू. ती आपल्या महाराष्ट्रातलीच आहेत.

त्याआधी एक शब्द समजून घेऊ. बॅटरी लहान की मोठी, हे युनिटवर मोजतात. हे आपल्या लाइट बिलावरचेच युनिट. एक हजार वॅटचा हीटर एक तास चालला, की एक युनिट वीज जळते. चाळीस युनिटची बॅटरी म्हणजे तिच्यात चाळीस युनिट वीज मावते. जितकी युनिटे जास्त, तितकी गाडी एका दमात लांब जाते. आणि तितकी ती महागही असते.

नाशिकला महिंद्र कंपनीचा मोटारींचा कारखाना आहे. तिथे एक्सयूव्ही ४०० नावाची विजेची मोटार तयार झाली. २६ जानेवारी २०२३ रोजी कंपनीने तिचे बुकिंग सुरू केले. इसार २१ हजार रुपये होता. चार दिवसांच्या आत दहा हजारांवर लोकांनी पैसे भरले. मोटार दोन प्रकारची होती. एकीत साडेचौतीस युनिटची बॅटरी. तिची किंमत १५ लाख ९९ हजारांपासून पुढे. दुसरीत ३९.४ युनिटची. तिची किंमत १८ लाख ९९ हजार. कंपनीने आधीच सांगून टाकले, की महाग गाडी मार्चपासून देऊ आणि स्वस्त गाडी दिवाळीच्या सुमारास देऊ. त्या वर्षी गुढीपाडवा मार्चमध्येच होता. म्हणजे एकाच दिवशी पैसे भरलेली दोन माणसे धरा. एकाला गाडी पाडव्याला, दुसऱ्याला दिवाळीला. पहिल्याने तीन लाख जास्त मोजले, एवढाच काय तो फरक.

याच कंपनीने पुढे पुण्याजवळ चाकणला आणखी दोन विजेच्या मोटारी काढल्या. त्यांची नावे बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी बुकिंग उघडले. पहिल्याच दिवशी ३०,१७९ गाड्यांचे बुकिंग झाले. या गाड्यांचे तीन मुख्य प्रकार होते. त्यांना पॅक एक, पॅक दोन, पॅक तीन अशी नावे. सगळ्यांत महाग तो पॅक तीन. त्याच्या गाड्या मार्चपासून द्यायच्या ठरल्या. पॅक दोनच्या जुलैपासून. आणि सगळ्यांत स्वस्त पॅक एकच्या ऑगस्टपासून. इथेही तीच चाल. वरचा आधी, खालचा शेवटी.

कंपन्या असे का करतात? त्यांचे म्हणणे असे, की जास्त लोक जे मागतात ते आम्ही आधी काढतो. हे खोटे नाही. चाकणच्या त्या गाड्यांत शंभरापैकी ७३ जणांनी पॅक तीनच मागितला होता. पण दुसरेही कारण आहे, आणि ते आपण ओळखून असावे. कारखान्याकडे बॅटरीचा माल मोजका असतो. त्या मोजक्या मालातून ज्या गाडीवर पैसे जास्त सुटतात, ती आधी काढावी, असे कोणत्याही धंद्यात वाटणारच. दूध थोडे असेल तर हलवाई आधी पेढे करतो, ताक शेवटी.

आम्हाला विचाराल तर महाग गाडी आधी काढणे ही काही चोरी नव्हे. नाशिकच्या आणि चाकणच्या गाड्यांच्या वेळी महिने आधी जाहीर झाले होते. ज्याला थांबायचे नव्हते त्याने पैसे भरू नयेत, इतके उघड. पण पैसे घेताना हे सांगायचे नाही, आणि "महिन्या-दीड महिन्यात गाडी दारात" असे तोंडी बोलून मोकळे व्हायचे, हे मात्र बरोबर नाही. ताईंच्या बाबतीत तेच झाले होते.

टाटा कंपनीची टियागो नावाची लहान मोटार विजेवर निघाली. तिचे बुकिंग १० ऑक्टोबर २०२२ रोजी उघडले. एका दिवसात दहा हजार गाड्यांचे बुकिंग झाले. तिच्या बॅटऱ्या दोन होत्या, १९.२ युनिटची आणि २४ युनिटची. कंपनीने तेव्हा स्पष्ट लिहिले होते, की गाडी कधी मिळेल ते बुकिंगच्या दिवसावर आणि वेळेवर अवलंबून आहे, तसेच प्रकारावर आणि रंगावरही आहे. आणि सुरुवातीला आम्ही २४ युनिटची गाडी जास्त काढणार आहोत. आणखी एक गोष्ट होती. सुरुवातीच्या भावाने दहा हजार गाड्या द्यायच्या होत्या. त्यांतल्या दोन हजार कंपनीने आपल्या जुन्या विजेच्या मोटारवाल्यांसाठी राखून ठेवल्या. म्हणजे नव्या माणसाची रांग आठ हजारांचीच होती. पुढे मागणी बघून तोच भाव आणखी दहा हजार जणांना दिला.

परदेशातले एक उदाहरण सांगतो, कारण त्यात आपली माणसेही अडकली होती. अमेरिकेत टेस्ला नावाची कंपनी आहे. तिने ३१ मार्च २०१६ रोजी मॉडेल ३ ही मोटार दाखवली. किंमत ३५ हजार डॉलरपासून, आणि इसार एक हजार डॉलर. त्या वेळच्या हिशेबाने सुमारे ६६ हजार रुपये. आठवड्यात सव्वातीन लाख लोकांनी पैसे भरले. भारतातल्याही काहींनी भरले. पहिल्या गाड्या जुलै २०१७ मध्ये निघाल्या. त्या कंपनीच्या नोकरांना मिळाल्या. मग कारखान्याच्या आसपासच्या लोकांना आणि जुन्या गिऱ्हाइकांना. मोठ्या बॅटरीची महाग गाडी आधी काढली. जी ३५ हजारांची म्हणून लोकांनी पैसे भरले, ती निघायला २०१९ साल उजाडले. आणि भारतातल्यांचे काय? टेस्लाचे भारतातले पहिले दुकान मुंबईत १५ जुलै २०२५ रोजी उघडले. नऊ वर्षे गेली होती. आणि दुकानात विकायला ठेवली ती गाडीही मॉडेल ३ नव्हती, दुसरीच होती.

हे ऐकून ताई हसल्या. "म्हंजी आमचं तीन महिन्यांचं काहीच नाही म्हणा!"

पण मोटारीचे लाख आणि स्कूटरचे हजार यांत फरक आहे. मोटारवाल्याच्या घरी बहुधा दुसरी गाडी असते. दूधवाल्याच्या घरी नसते. म्हणून स्कूटरचेही थोडे सांगितले पाहिजे.

आकुर्डीच्या ज्या कारखान्याची गोष्ट वर सांगितली, त्याच बजाज कंपनीने चेतक हे जुने नाव घेऊन विजेची स्कूटर काढली. जानेवारी २०२० मध्ये ती विकायला आली. पण कुठे? फक्त पुण्यात आणि बंगळुरूत. इसार दोन हजार रुपये. थोड्याच दिवसांत करोनाची साथ आली. सुटे भाग येईनात, म्हणून बुकिंग थांबवावे लागले. १३ एप्रिल २०२१ रोजी बुकिंग पुन्हा उघडले. मागणी इतकी आली, की ४८ तासांत ते परत बंद करावे लागले. नागपूरचा नंबर जुलै २०२१ मध्ये लागला. मग जून २०२२ मध्ये आकुर्डीला विजेच्या स्कूटरचा नवा कारखाना सुरू झाला. वर्षाला पाच लाख गाड्या निघतील एवढी त्याची ताकद होती. त्यानंतर ही गाडी हळूहळू गावोगावी दिसू लागली.

यावरून एक गोष्ट कळते. गाव कोणते, यावरही नंबर ठरतो. कंपनी आधी मोठ्या शहरातल्या दुकानांना माल देते. तालुक्याच्या दुकानाला उरेल तसा मिळतो. एकाच कंपनीची दोन दुकाने असली, तर रांगाही दोन असतात. एकाकडे तुमच्या रंगाची गाडी महिनाभर उभी असेल. दुसऱ्याकडे तिच्यासाठी माणसे थांबलेली असतील.

कारखाना कितीही मोठा असला, तरी एक लहानसा भाग आला नाही की सगळे थांबते. बैलगाडीची खीळ पडली तर चाक निघते, तसेच. विजेच्या गाडीची मोटर फिरते ती चुंबकांच्या जोरावर. हे चुंबक साध्या लोखंडाचे नसतात. त्यांत काही खास धातू घालावे लागतात. ते धातू शुद्ध करण्याचे काम जगात सर्वांत जास्त चीनमध्ये होते. एप्रिल २०२५ मध्ये चीनने असा माल बाहेर पाठवण्यावर बंधने घातली. त्याचा फटका थेट आकुर्डीला बसला. जुलै २०२५ मध्ये बजाज कंपनीचे प्रमुख राजीव बजाज यांनी सांगितले, की ऑगस्टमध्ये आमच्याकडून विजेची एकही गाडी निघणार नाही असे होऊ शकते. दुसऱ्या वाटेने माल मिळवून कंपनीने ऑगस्ट संपायच्या आत पुरवठा पुन्हा सुरू केला. पण सणाच्या तोंडावर ज्यांनी पैसे भरले होते, त्यांची तेवढे दिवस झोप उडाली असणार. चीनमधला एक हुकूम, आणि डेअरीची किटली अडकते.

आता पैशाची गोष्ट. ही नीट ध्यानात घ्या. थांबण्याने नुसते दिवस जात नाहीत, कधी कधी पैसेही जातात.

विजेच्या गाडीवर केंद्र सरकार अनुदान देत आले आहे. ते अनुदान दुकानदाराच्या बिलातच वजा होते. स्कूटरवर पूर्वी युनिटमागे १५ हजार रुपये मिळत. गाडीच्या किंमतीच्या शंभरातले ४० रुपये ही त्याची वरची मर्यादा होती. १ जून २०२३ पासून सरकारने ते युनिटमागे १० हजार केले आणि मर्यादा शंभराला १५ वर आणली. हा नियम कोणत्या गाड्यांना लागला? ज्यांची नोंदणी, म्हणजे आपण ज्याला पासिंग म्हणतो ते, १ जून किंवा त्यानंतर झाले त्यांना. बुकिंगची तारीख कुणी विचारली नाही. एकाने एप्रिलमध्ये पैसे भरले, पण गाडी जूनमध्ये आली, तर त्याला अनुदान नव्या नियमाने मिळाले. चूक त्याची नव्हती. उशीर कारखान्याचा. भुर्दंड मात्र त्याच्या खिशाला.

म्हणून पावतीच्या तळाची ती दुसरी ओळ फार महत्त्वाची आहे. किंमत बुकिंगच्या दिवसाची धरणार की गाडी देण्याच्या दिवसाची? हे पैसे देण्याआधी विचारावे. उत्तर तोंडी घेऊ नये. पावतीवरच लिहून घ्यावे. बुकिंग मोडले तर इसार परत मिळतो का, पुरता मिळतो का, किती दिवसांत मिळतो, हेही विचारावे. माझा प्रकार आणि माझा रंग कारखान्यात सध्या निघतो आहे का, असे विचारावे. दुकानदाराला हे ठाऊक असते, निदान कंपनीला फोन करून तो सांगू शकतो. रंगाचा हट्ट नसेल तर तसे सांगून टाकावे. निळ्याऐवजी पांढरी चालत असेल, तर कधी कधी महिना वाचतो. आणि नवी गाडी दारात उभी राहीपर्यंत जुनी विकू नये. हे शेवटचे आम्ही ताईंना सांगितले नाही. ते त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळले होते.

दुकानदार दाद देत नसेल, तर ग्राहकाला कायद्याचा आधार आहे. १९१५ हा सरकारचा ग्राहक मदतीचा फोन नंबर आहे. त्यावर आपली तक्रार सांगता येते. तेवढ्याने भागले नाही, तर जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे अर्ज करता येतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी पडत नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. पण हातात कागद हवा. तोंडी कबुलीला तिथे कोण विचारतो?

दुसऱ्या दिवशी ताईंच्या मालकांनी दुकानात फोन केला. आदल्या रात्री वर्गात ठरवलेले प्रश्न कागदावर लिहून समोर ठेवले होते. दुकानदार आधी म्हणाला, "येईल, येईल." मालकांनी विचारले, "लहान बॅटरीची निळी कारखान्यात सध्या लागलीये का?" दुकानदार जरा थांबला. मग म्हणाला, "सध्या मोठ्या बॅटरीच्याच येतात. लहान दोन महिन्यांनी येईल. मोठी पांढरी घेत असाल तर पुढच्या आठवड्यात देतो. अठरा हजार जास्त पडतील."

तीन महिन्यांत हे खरे उत्तर पहिल्यांदा मिळाले. ते मिळायला नेमका प्रश्न लागला.

त्या रात्री वर्गात फळ्यावर हिशेब मांडला. शेजाऱ्याची गाडी, तिचे पेट्रोल आणि कधीमधी रिक्षा, मिळून दिवसाला शंभर रुपये जातात. दोन महिने म्हणजे साठ दिवस. साठ गुणिले शंभर, सहा हजार. आणि मोठ्या बॅटरीला अठरा हजार. डेअरी दीड किलोमीटरवर. तेवढ्याला मोठी बॅटरी काय करायची? थांबणे स्वस्त पडत होते. पण दोन महिने म्हणजे खरोखर दोन महिने असतील तरच. पुन्हा सहा महिने लागले, तर साठाचे एकशेऐंशी दिवस होतात आणि सहा हजारांचे अठरा. तेव्हा थांबणेही तेवढेच महाग.

आजोबा म्हणाले, "मग त्याच्याकडून तारीख लिहून घ्या. नाहीतर इसार परत."

सगळ्यांना ते पटले. मग ताई वही घेऊन बसल्या. मालकांची सही, पण अक्षर ताईंचे. पत्र असे झाले:

"मु. पो. मिरजगाव, ता. कर्जत.

दुकानदार साहेब यांस नमस्कार.

आम्ही तुमच्याकडे पाच हजार रुपये भरून स्कूटरचे बुकिंग केले आहे. पावती सोबत जोडली आहे. तुम्ही दीड महिन्यात गाडी देतो म्हणाला होता. तीन महिने झाले. आता दोन महिन्यांनी डिलिव्हरी देतो असे फोनवर सांगितले. ती तारीख आम्हाला लिहून द्यावी. बुकिंगच्या दिवशी जी किंमत होती, तीच घेणार का, तेही लिहून द्यावे. त्या तारखेला गाडी आली नाही, तर आमचे पाच हजार रुपये सगळे परत करावे. रंग कोणताही चालेल. आमचे दूध रोज दुसऱ्याच्या गाडीवर जाते, म्हणून पत्राचे उत्तर लवकर द्यावे.

कळावे."

'डिलिव्हरी' हा शब्द ताईंनी दोनदा खोडून तिसऱ्यांदा बरोबर लिहिला. पत्राच्या दोन प्रती केल्या. एक रजिस्टर पोस्टाने गेली. दुसरी त्यांनी पावतीला टाचणीने लावून ट्रंकेत ठेवली.